आयत एक, इयत्ता अनेक: चित्रातून गणित शिकवण्याची रीत

चौथीतली मुलगी १४ × २३ तोंडी करून सांगते, "वीस दाहे दोनशे, चार त्रिक बारा, म्हणजे दोनशे बारा." आठवीतला मुलगा (अ + ब)² च्या पुढे अ² + ब² लिहून मोकळा होतो. दोघांमध्ये चार वर्षांचं अंतर आहे, पुस्तकं वेगळी, बहुधा शिक्षकही वेगळे, चूक मात्र तीच. दोघांनी एका आयताचे चार तुकडे केले आणि त्यातले दोनच मोजले. आपण त्यांना निरनिराळं औषध देतो. तिला सांगतो, "उभी मांडणी करून गुणाकार कर." त्याला सांगतो, "सूत्र दहा वेळा लिही." तो आयत मात्र दोघांनाही कुणी दाखवत नाही.

नियम सांगून झाला की फळ्यावर एक आकृती काढायची, ही आपली नेहमीची पद्धत. माझं म्हणणं असं, की नियम त्या आकृतीतूनच निघाला पाहिजे. आणि दर वर्षी नवं चित्र आणण्यापेक्षा एकच भक्कम चित्र दुसरीपासून दहावीपर्यंत मुलासोबत गेलं पाहिजे. पुढच्या पायऱ्या शिक्षकांसाठी आहेत, तशा घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांसाठीही आहेत. मूल आठवी-नववीत असलं तरी तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करा, थेट बीजगणितापासून नको.

सुरू करण्याआधी

सामान थोडं आणि स्वस्त आहे: चौकटीची वही, कात्री, पट्टी, घोटीव कागद, जाड पुठ्ठा, दोन रंगांचे पन्नास-पन्नास मणी, रिकाम्या काडेपेट्या. शाळेत दशक-शतकाचे ठोकळे असतील तर कपाटातून बाहेर काढा. नसतील तर काड्यांचे गठ्ठे चालतात.

दोन गोष्टी मात्र आधी ठरवून घ्या. पहिली, चित्र मुलाने काढायचं. फळ्यावर सुबक आकृती काढून "बघा, किती सोपं आहे" म्हटलं की मुलं माना डोलावतात आणि वहीत पुन्हा तीच चूक करतात. रेघ कुठे मारायची, तुकडा कुठे कापायचा हे जो ठरवतो, त्याच्या डोक्यात ती रचना बसते. चित्र वेडंवाकडं आलं तरी हरकत नाही. सुबकतेला गुण देऊ नका, नाहीतर मुलं पट्टी आणि खोडरबरातच अडकतात.

दुसरी गोष्ट, अंदाज आधी विचारायचा. कापण्याआधी, घडी उलगडण्याआधी, मोजण्याआधी. "या दुमडलेल्या कोपऱ्यावर कात्री मारली तर कागद उलगडल्यावर भोक कुठे दिसेल?" उत्तर वहीत काढून घ्या, मगच कात्री चालवा. अंदाज चुकला की मूल स्वतःहून पुन्हा बघतं. अंदाजच केला नसेल तर समोरची गोष्ट नुसती डोळ्यांखालून जाते.

जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात कृती, चित्र आणि चिन्ह अशा तीन रूपांत माणूस ज्ञान साठवतो असं मांडलं. शाळांमध्ये ते "आधी वस्तू, मग चित्र, मग आकडे" या क्रमाने रुजलं आहे. क्रम चांगलाच आहे, पण ती परत न येण्याची वाट समजली जाते, तिथे गडबड होते. आकड्यांपाशी पोचलेल्या मुलाला मुद्दाम मागे पाठवत राहा: "२७ × ३६ चं चित्र काढ." कधी उलटं करा, चित्र द्या आणि उदाहरण तयार करायला सांगा. दोन्ही बाजूंनी ये-जा जमली, तर समजलं म्हणायचं.

पायरी पहिली: न मोजता बघणं

पहिली-दुसरीसाठी पुठ्ठ्याचे पत्ते करा. प्रत्येकावर चार ते दहा ठिपके, निरनिराळ्या मांडणीत. पत्ता दोनेक सेकंद दाखवायचा आणि झाकायचा. किती, हे विचाराच, पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न पुढचा: "तुला कसे दिसले?" सातच्या पत्त्यावर एक मूल म्हणेल, "चार आणि तीन." दुसरं म्हणेल, "दोन, दोन, दोन आणि वर एक." दोन्ही फळ्यावर लिहा: ४ + ३, २ + २ + २ + १. माणसाच्या नजरेला साधारण चारपर्यंतच्या वस्तू न मोजता कळतात. त्यापुढे नजर गट पाडते आणि गट पाडणं हीच बेरजेची सुरुवात असते. बोटांवर एकेक मोजत राहणारं मूल बहुतेक वेळा गट बघायला शिकलेलं नसतं. रोज पाच मिनिटं पुरतात, जास्त लांबवू नका.

पायरी दुसरी: रिकामी संख्यारेषा

दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल अशी शंभर मण्यांची माळ ओवा आणि वर्गात ताणून बांधा. "३८ कुठे आहे?" असं विचारलं की मूल आधी चौथ्या दहाच्या शेवटाशी जातं आणि दोन मणी मागे येतं. दशकाची जागा त्याच्या अंगवळणी पडते. मग हीच माळ वहीत एका आडव्या रेघेच्या रूपाने उतरवा. तिच्यावर आखलेले आकडे नकोत. लागेल तो आकडा मूल स्वतः मांडतं, म्हणून ती रिकामी संख्यारेषा. उट्रेक्टच्या फ्रॉयडेंथाल इन्स्टिट्यूटमधल्या अभ्यासकांनी नेदरलँड्सच्या शाळांत ती रुजवली.

६३ − २८ घ्या. रेघेवर २८ आणि ६३ मांडायचे. २८ वरून ३० ला दोनाची उडी, ३० वरून ६० ला तिसाची, ६० वरून ६३ ला तिनाची. उड्यांची बेरीज ३५. दुसरं मूल ६३ वरून तीस मागे जाऊन ३३ वर येईल आणि दोन पुढे सरकून ३५ सांगेल. हातचा न घेता दोघांचं उत्तर बरोबर आलं. त्याहून मोठा फायदा असा, की वजाबाकी म्हणजे दोन ठिकाणांमधलं अंतर, हा अर्थ त्यांच्या हाती लागला. सहावीत ऋण संख्या येतात तेव्हा हीच रेघ शून्याच्या डावीकडे वाढवायची. ३ − (−४) म्हणजे −४ पासून ३ पर्यंतचं अंतर, सात. "ऋण-ऋण धन" हे घोकण्याआधी हे अंतर एकदा पावलांनी चालून दाखवा. वर्गाच्या फरशांवर खडूने रेघ मारली की झालं.

पायरी तिसरी: आयत

इथे वेळ द्या. मला एकच पायरी निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन.

सुरुवात पाढ्यांपासून करा. चौकटीच्या वहीत ६ × ७ चा आयत काढायचा, सहा ओळी आणि प्रत्येकीत सात चौकटी. वही आडवी फिरवली की तोच आयत ७ × ६ होतो, म्हणजे अर्धे पाढे पाठ करण्याची गरजच संपली. पाचव्या स्तंभानंतर उभी रेघ मारून ६ × ५ आणि ६ × २ असे भाग पाडले की सातचा पाढा पाच आणि दोनच्या पाढ्यांतून उभा राहतो. पाढे पाठ असावेत याबद्दल माझं दुमत नाही. पण अडलेल्या मुलाला "सात सक?" असं दरडावण्यापेक्षा ही रेघ मारायला सांगा.

आता १४ × २३. वहीत १४ चौकटी उभा आणि २३ चौकटी आडवा आयत काढा. उभ्या बाजूवर दहाला एक रेघ, आडव्या बाजूवर विसाला एक रेघ. चार खोल्या झाल्या: १० × २०, १० × ३, ४ × २० आणि ४ × ३. प्रत्येकीत तिचं क्षेत्रफळ लिहायला सांगा: २००, ३०, ८०, १२. एकूण ३२२. आता "दोनशे बारा" म्हणणाऱ्या मुलीला तिच्या उत्तरातल्या खोल्या रंगवायला सांगा. ती २०० ची आणि १२ ची रंगवते, थांबते, आणि उरलेल्या दोन कोऱ्या खोल्यांवर बोट ठेवून म्हणते, "बाई, या राहिल्या." तुम्ही काहीच सांगितलेलं नसतं.

इथेच थांबू नका. शेजारी नेहमीची उभी मांडणी करा. १४ ला ३ ने गुणून ४२, मग खालच्या ओळीत एककाखाली शून्य मांडून २८०. आता विचारा, "हे ४२ आयतात कुठे आहेत?" उजवीकडची अरुंद पट्टी, ३० आणि १२. "आणि २८०?" डावीकडची रुंद पट्टी, २०० आणि ८०. दुसऱ्या ओळीत शून्य का मांडायचं, याचं उत्तर मुलांना कित्येक वर्षं "तशी रीत आहे" एवढंच मिळत असतं. ती पट्टी वीस चौकटी रुंद आहे म्हणून ते शून्य, हे आता दिसतं. रीत आणि चित्र यांची अशी गाठ घातली नाही, तर मुलं चित्राला वेगळा धडा समजतात आणि परीक्षेत विसरून जातात.

चौकटी कधी सोडायच्या? मूल एकेक चौकट मोजणं बंद करून थेट "वीस दाहे दोनशे" म्हणू लागलं, की कोऱ्या कागदावर हातानेच आयत काढू द्या. प्रमाण नेमकं नसलं तरी चालतं, खोल्या चार हव्यात. ४७ × ६८ साठी कुणी ३,१९६ चौकटी आखणार नाही.

भागाकार म्हणजे याच आयताची हरवलेली बाजू. क्षेत्रफळ ३२२, एक बाजू १४, दुसरी किती? आधी वीस रुंदीची पट्टी कापली, २८० गेले, उरले ४२, त्यात तीन रुंदीची पट्टी बसली. म्हणून २३. लांब भागाकारातल्या पायऱ्या म्हणजे या पट्ट्या आहेत.

पाचवी-सहावीत अपूर्णांकांचा गुणाकार येतो. चौरस घोटीव कागद उभा पाच भागांत दुमडा आणि चार भागांवर उभ्या रेघा ओढा. मग तोच कागद आडवा तीन भागांत दुमडा आणि दोन भागांवर आडव्या रेघा ओढा. उलगडल्यावर १५ घरं दिसतात, त्यातल्या ८ घरांत दोन्ही रेघा आहेत. २/३ × ४/५ = ८/१५. छेदांचा गुणाकार का करायचा? कारण घरं ३ × ५ झाली. अंशांचा का? कारण दुहेरी रेघांची घरं २ × ४ आहेत. गुणाकाराचं उत्तर मूळ अपूर्णांकापेक्षा लहान कसं, हा मुलांना सतावणारा प्रश्नही याच कागदावर मिटतो. अपूर्णांकांत एका गोष्टीवर बारीक लक्ष ठेवा. दोन अपूर्णांकांची तुलना करताना मुलं वेगवेगळ्या आकाराचे "पूर्ण" काढतात, मग ३/४ पेक्षा २/३ मोठा दिसतो. तुलनेसाठी एकाच लांबीच्या पट्ट्या एकाखाली एक चिकटवायची सवय लावा.

आता वर्गमूळ. ही रीत यंत्रासारखी शिकवली जाते, म्हणून महिन्याभरात पुसली जाते. १३६९ चौकटींचा चौरस आहे, बाजू किती? त्यात मावणारा दशकांचा सर्वांत मोठा चौरस ३० चा, ९०० चौकटी. उरल्या ४६९. या चौकटी आधीच्या चौरसाच्या दोन बाजूंना सारख्या रुंदीच्या पट्ट्यांनी लावायच्या आणि कोपरा भरायचा. रुंदी सात घेतली तर पट्ट्या ३० × ७ च्या दोन, म्हणजे ४२०, आणि कोपरा ४९. बरोबर ४६९. बाजू ३७. रीतीत "आलेल्या मुळाची दुप्पट करा" असं का सांगतात, हे पट्ट्या दोन आहेत म्हटल्यावर वेगळं सांगावं लागत नाही. अंक-अंकाने वर्गमूळ काढण्याचा नियम आर्यभटाने इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात दिला आहे. दीड हजार वर्षांची ही रीत आजही आकृतीच्या आधाराने अर्ध्या तासात कळते.

बीजगणितात आयत तोच राहतो, फक्त बाजूंवर आकड्यांऐवजी अक्षरं येतात. (अ + ब) बाजूचा चौरस काढा, दोन रेघा मारा, चार खोल्या: अ², अब, अब, ब². चौथीतला १४ × २३ चा कागद शेजारी ठेवा. मधल्या दोन खोल्या विसरण्याची शक्यता फार कमी उरते. (अ − ब)² साठी १९ × १९ घ्या. २० × २० मधून विसाची एक आडवी ओळ आणि विसाचा एक उभा स्तंभ काढला, तर कोपऱ्यातली चौकट दोनदा काढली गेली. ती एकदा परत द्यायची: ४०० − २० − २० + १ = ३६१. शेवटची ती अधिक खूण कुठून येते, हे एवढ्याने कळतं. अ² − ब² साठी अ बाजूच्या कागदी चौरसाचा कोपरा ब बाजूने कापून टाका. उरलेल्या तुकड्यातून एक पट्टी कापून दुसऱ्या बाजूला लावली की (अ + ब) लांब आणि (अ − ब) रुंद आयत तयार होतो. हे मुलांना स्वतः कापून शोधू द्या, घाई करू नका.

वर्गसमीकरणासाठी नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मीने घेतलेलंच उदाहरण घ्या: क्ष² + १०क्ष = ३९. क्ष बाजूचा चौरस. १०क्ष चे दोन सारखे भाग करून ५ रुंदीच्या दोन पट्ट्या त्याच्या दोन बाजूंना. एक कोपरा रिकामा राहतो, ५ × ५ चा. तो भरला की मोठा पूर्ण चौरस ३९ + २५ = ६४ चा झाला, त्याची बाजू ८, म्हणून क्ष = ३. "पूर्ण वर्ग करणे" म्हणजे अक्षरशः चौरसाचा तुटका कोपरा भरणं. मात्र याच समीकरणाची दुसरी उकल −१३ आहे आणि ती या आकृतीत कुठेच दिसत नाही, कारण लांबी ऋण नसते. हे मुलांना स्पष्ट सांगा. चित्राने रीत समजली, आता (क्ष + ५)² = ६४ वरून +८ आणि −८ दोन्ही घ्यायचं काम चिन्हांचं.

पायरी चौथी: शाब्दिक उदाहरणांच्या पट्ट्या

"गणित येतं, पण उदाहरण कळत नाही" ही तक्रार घरोघरी ऐकू येते. त्यावर मला सापडलेला सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे आडव्या पट्ट्या. सिंगापूरच्या शाळांनी १९८० च्या दशकापासून त्या पद्धतशीर वापरल्या.

उदाहरण: पाण्याची टाकी २/५ भरलेली आहे. आणखी ७० लिटर ओतल्यावर ती ३/४ भरते. टाकीत एकूण किती पाणी मावतं? मुलं लगेच ७० ला कशाने तरी गुणायला धावतात. त्यांना थांबवा आणि एक लांब पट्टी काढायला सांगा, ती पूर्ण टाकी. पाचही भाग करायचे आहेत आणि चारही, म्हणून वीस भाग. पहिल्या आठांवर खूण, तिथपर्यंत पाणी होतं. पंधरावर दुसरी खूण, तिथपर्यंत आता आहे. मधले सात भाग म्हणजे ७० लिटर. एक भाग दहा, टाकी दोनशे लिटरची. समच्छेद करणं इथे नियम म्हणून आलं नाही, दोन्ही खुणा एकाच पट्टीवर बसवायची गरज म्हणून आलं.

मुलांना सांगा, उदाहरणातलं प्रत्येक वाक्य वाचून झालं की पट्टीत काहीतरी बदललं पाहिजे. बदललं नाही तर ते वाक्य कळलेलं नाही, परत वाचा. शेकडेवारी, गुणोत्तर, वयवारी, नफा-तोटा सगळीकडे ही सवय उपयोगी पडते. शंभर रुपयांच्या वस्तूची किंमत २० टक्के वाढवून पुन्हा २० टक्के कमी केली तर ९६ का होते? कारण दुसरे वीस टक्के लांब झालेल्या पट्टीचे आहेत.

पायरी पाचवी: कात्री आणि कर्ण

पुठ्ठ्यातून ६ आणि ८ सेंटिमीटर बाजूंचे चार काटकोन त्रिकोण कापा आणि २ सेंटिमीटरचा एक चौरस. पाच तुकडे मुलांच्या हाती द्या आणि एवढंच सांगा: "कर्ण बाहेरच्या बाजूला राहतील असा एक मोठा चौरस बनवा." थोडा वेळ लागतो. लहान चौरस मधोमध बसतो, चार त्रिकोण त्याच्याभोवती फिरतात. बाहेरची बाजू मोजली की १० भरते. मग याच पाच तुकड्यांची दुसरी मांडणी. त्रिकोणांच्या दोन जोड्या जुळवून ६ × ८ चे दोन आयत करा. एक उभा ठेवा. त्याच्या उजवीकडे, तळ एका रेषेत ठेवून, दुसरा आडवा ठेवा. दोघांच्या मधल्या खाचेत, आडव्याच्या डोक्यावर, २ सेंटिमीटरचा चौरस बसवा. आता डावीकडून आठ सेंटिमीटरवर उभी रेघ मारली की डावीकडे ८ चा चौरस आणि उजवीकडे ६ चा चौरस दिसतो. तुकडे तेच, म्हणजे क्षेत्रफळ तेच: १०० = ६४ + ३६.

त्रिकोण आणि मधल्या चौरसाची ही मांडणी भास्कराचार्यांच्या बीजगणितात आहे, बाराव्या शतकातली. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. जळगाव-नाशिक भागातल्या शाळांनी सहल न्यायला याहून चांगलं गणिताचं ठिकाण शोधून सापडणार नाही.

इथे एक प्रश्न विचारायला विसरू नका: "बाहेरचा आकार खरोखर चौरस आहे कशावरून?" दिसतो म्हणून, हे उत्तर स्वीकारायचं नाही. प्रत्येक कोपऱ्यात त्रिकोणाचे दोन लघुकोन एकत्र येतात, त्यांची बेरीज ९० अंश, म्हणून. चित्राकडून सिद्धतेकडे जाण्याचं दार हेच आहे.

चित्र कुठे फसवतं

आठवीपुढच्या मुलांना एक फसवं चित्र जरूर द्या. ८ × ८ चा चौरस आडवा कापून ३ आणि ५ रुंदीच्या दोन पट्ट्या करा. तीनची पट्टी कर्णावर कापा, दोन त्रिकोण मिळतील. पाचची पट्टी तिरकी कापून समांतर बाजू ३ आणि ५ असलेले दोन समलंब चौकोन करा. हे चार तुकडे जुळवले की ५ × १३ चा आयत झाल्यासारखा दिसतो. चौसष्टाचे पासष्ट झाले! मुलं तुकडे पुन्हापुन्हा मोजतात. एक चौकट कुठून आली? त्रिकोणाच्या तिरक्या कडेचा चढ ३/८ आहे, समलंबाच्या कडेचा २/५. ०.३७५ आणि ०.४. म्हणजे "कर्ण" सरळ नाहीच, मध्ये एक अतिशय बारीक फट आहे आणि तिचं क्षेत्रफळ नेमकं एक चौकट. डोळ्याला जे दिसतं ते तपासायला हिशोब लागतो, हे इतक्या ठसठशीतपणे दुसरं काही शिकवत नाही.

दुसरी फसगत रोजची आहे. आपण त्रिकोण नेहमी पाया खाली ठेवून काढतो आणि चौरस सरळ उभा. मग ४५ अंशांत फिरवलेल्या चौरसाला मुलं "पतंग" म्हणतात आणि काटकोन त्रिकोण आडवा पडला की त्यांना ओळखू येत नाही. डच शिक्षक पिअर आणि डिना व्हॅन हिले यांनी १९५७ मध्ये हेच दाखवलं: मूल आधी आकार एकसंध रूपाने ओळखतं, गुणधर्मांनी नंतर. उपाय साधा आहे, फळ्यावरची प्रत्येक आकृती निदान तीन बाजूंनी फिरवून काढा. संगणक असेल तर जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर इथे कामाला येतं. त्रिकोणाचा पाया तसाच ठेवून शिरोबिंदू पायाला समांतर रेषेवर सरकवला की आकार पार बदलतो, क्षेत्रफळ हलत नाही. पण आधी कागद, मग पडदा.

आणि दृष्टिहीन मूल वर्गात असेल तर यातलं जवळपास सगळं त्यालाही करता येतं. आयताच्या रेघा गोंदाने चिकटवलेल्या सुतळीच्या करा, मण्यांच्या माळेत दहा-दहाला रंगाऐवजी आकार बदला. खोल्या बोटांनीही मोजता येतात.

मनातल्या मनात फिरवणं

रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी १९७१ मध्ये एक सुंदर गोष्ट मोजली: दोन घनाकृती सारख्या आहेत का, हे ओळखायला लागणारा वेळ त्या एकमेकींपासून किती अंशांत फिरवल्या आहेत त्या प्रमाणात वाढतो. म्हणजे आपण त्या मनात खरोखर फिरवत असतो. २०१३ मध्ये २१७ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात ही कुवत सरावाने वाढते असं दिसलं. मात्र नुसते आकृत्या फिरवायचे खेळ खेळवले की आकडेमोड आपोआप सुधारते, असं अभ्यासांत एकसारखं दिसलेलं नाही. म्हणून हा सराव गणिताला जोडूनच घ्या.

टूथपेस्टचं खोकं उलगडण्याआधी त्याची घडण, म्हणजे उलगडल्यावर दिसणारी सपाट आकृती, काढायला सांगा, मग उलगडा. घनाच्या एकूण ११ वेगळ्या घडणी आहेत. त्या शोधायचं काम सहावीच्या वर्गाला आठवडाभर पुरतं. काडेपेट्यांची रचना करून ती पुढून, वरून आणि उजवीकडून कशी दिसेल ते काढायला लावा. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसवा: एकाने आपली रचना फक्त शब्दांत सांगायची, दुसऱ्याने ती उभी करायची. "इकडे", "तिकडे" हे शब्द बाद. पाच मिनिटांत "समांतर", "काटकोनात", "मधोमध" हे शब्द गरजेपोटी तोंडी येतात.

रांगोळीचे ठिपके

शेवटी, दिवाळीच्या सुट्टीत घरच्या घरी करण्यासारखं. "५ ते १ मधले ठिपके" घाला: मधल्या ओळीत पाच, वर आणि खाली ४, ३, २, १. किती ठिपके? तिरकं बघितलं की पाच ओळींत पाच-पाच दिसतात, २५. म्हणजे १ + २ + ३ + ४ + ५ + ४ + ३ + २ + १ = ५². आता "९ ते १ सरळ ठिपके", दोन्हीकडे ७, ५, ३, १ असे. बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक ठिपके दोन रंगांत घाला. एका रंगाचा ५ × ५ चा तिरका चौरस दिसेल, दुसऱ्याचा ४ × ४ चा. एकूण ४१.

सगळ्यांत देखणी रचना "५ ते ३ मधले ठिपके", तिचा षटकोन होतो. ठिपके ५ + २ × (४ + ३) = १९. आता लहान घनांचा ३ × ३ × ३ चा मोठा घन घ्या आणि एका कोपऱ्यातून, तीन बाजू एकदम दिसतील असा, बघा. दिसतो तो षटकोन, आणि दिसणारे घन तेवढेच, १९. का? मागे लपलेले घन २ × २ × २ आहेत आणि २७ − ८ = १९. "७ ते ४" घातली तर ६४ − २७ = ३७, ओळीओळीने मोजूनही तेच. मुलांना "११ ते ६" द्या आणि अट घाला, आधी घनावरून सांगायचं, मग रांगोळी घालून मोजायचं. २१६ − १२५ म्हणजे ९१ ठिपके यायला हवेत.